कोणत्या मोहात बुडाला?

१

गजेंद्र टेंभरे सापडला तेव्हा त्याचे फक्त पाय ओळखू येत होते. बाकीचा माणूस टाकीत होता.

छातीएवढ्या उंचीची, रुंद तोंडाची सागवानी टाकी. तिच्या काठावर तो पोटावर ओणवा पडलेला, डोकं आणि खांदे आत, पाय बाहेर लोंबकळत. जागा म्हणजे तिरोडीच्या अलीकडचा मॅंगनीजच्या जुन्या खाणीचा बोगदा. खाण कधीच बंद पडली. गेली काही वर्षं गजेंद्र आणि त्याचा मेहुणा अपूर्व तिथे मोहाची वाइन मुरवत होते. हिंदीतला महुआ तो आमचा मोह. बोगदा बारमाही थंड, आणि अपूर्वला तोच गारवा हवा होता.

मी पुष्पलता, इथल्या ठाण्याची टीआय, म्हणजे ठाणेदार. आदल्या संध्याकाळी गजेंद्रचा मला फोन आला होता. "मॅडम, सकाळी या. दाखवाचं आहे काही. माझ्याच घरचं आहे, फोनवर नाही सांगत." मी सकाळी आले, आणि त्यानं हे दाखवलं. डोकं भणाणून गेलं माझं. सांगायचं होतं तर फोनवरच सांगून टाकायचं ना, शहाण्या!

बाहेर काढण्याआधी मी टाकीत वाकून पाहिलं. वाइनवर पांढरट, जाड, सुरकुतलेली साय होती, अगदी दुधावर धरते तशी. ती त्याच्या मानेभोवती आणि खांद्यांभोवती तेवढी फाटली होती. पलीकडच्या काठापर्यंत मात्र अखंड होती. खालची जमीन कोरडी ठणठणीत.

हेड कॉन्स्टेबल पुनाराम आणि दोन मजुरांनी त्याला काढून खाली निजवलं. नाकपुड्यांतून आणि तोंडातून फेस आला. छातीवर आडवा काळानिळा वळ होता, खालचा ओठ फाटलेला, दातांवर रक्त. नाकावर चष्म्याचा खळगा होता, चष्मा नव्हता.

"चष्मा टाकीच्या बुडाशी असंल," पुनाराम म्हणाला आणि पंचनाम्याचं सांगू लागला. "नखं निळी."

"बुडालेल्याची होतातच," मी म्हणाले. डोळे उघडे असून दिसत नाही ते असं.

तेवढ्यात गजेंद्रची बायको ज्योत्स्ना आली. सोबत तिचा दीर महेंद्र, मागे अर्धं गाव. ती ओरडली नाही. खाली बसली आणि नवऱ्याच्या तोंडावरचा फेस पदरानं पुसत राहिली. पुसला की पुन्हा यायचा, ती पुन्हा पुसायची. मला बघवेना.

"अपूर्व कुठी आहे?" महेंद्र गरजला. "काल साऱ्यांसमोर बोल्ला होता तो, साय मोडली तं याच टाकीत बुडवून मारीन! आयकलं का नाही रे तुम्ही?"

मजुरांनी माना खाली घातल्या. ऐकलं होतं सगळ्यांनी.

आणि नेमका तेव्हाच अपूर्व धावत आत आला. त्यानं भाऊजींच्या प्रेताकडे एकदा पाहिलं. मग तो वळला, टाकीवर ओणवा झाला आणि आतली साय निरखायला लागला.

"माह्या नवरा मेला," ज्योत्स्ना उठत म्हणाली, "अन् हा साय पाहून राह्यला!"

टाक्यांची झाकणं ठोकायचा लाकडी हातोडा भिंतीशी होता. तिनं तो दोन्ही हातांनी उचलला आणि सख्ख्या भावाच्या डोक्यात मागून घातला.

२

नारळ फुटावा तसा आवाज झाला. अपूर्व टाकीच्या काठावर आपटला, खाली कोसळला आणि त्याच्यावर महेंद्रचे लोक तुटून पडले. लाथा, बुक्के, कोणाच्या तरी हातात फावडं. मी दोघांच्या मुस्कटात मारल्या, कोणी ढिम्म हललं नाही. शेवटी छताकडे गोळी झाडली. बोगद्यात तिचा असा दणका झाला की वरून मातीचे खडे पडले आणि सगळे कान दाबून बाहेर पळाले. त्या मिनिटात आम्ही अपूर्वला जीपमध्ये घातलं.

ठाण्यात त्याच्या डोक्याला ओला पंचा बांधला. पुनारामनं चहा दिला. एक घोट घेऊन अपूर्व म्हणाला, "अद्रक नाही टाकली काय?"

"अरे, एवढी कुटून टाकली!" पुनाराम दुखावला.

मी समोर बसले. "धमकी दिली होती तू?"

"दिली होती. भाऊजी पाव्हण्यांले दाखवाले साय हातानं वर काढून राह्यले होते. माह्या तोंडातून गेलं. मी मारलं नाही मॅडम त्यायले. अन् ते त्या टाकीत मेलेच नाहीत."

"काहून?"

"साय पाहा ना! ते साधं बुरशीचं पापुद्रं नव्हे. यीस्ट आहे, जिवंत. आधी रसात बुडून राह्यते, साखर खाते, दारू बनवते. साखर संपली की दुसरी कोणती जात असती तं तळाशी बसून मेली असती. ही नाही मरत. अंगाले मेणचट करते, एकमेकीले चिपकते अन् वर येऊन साय धरते. वरून हवा घेते, खालून दारू खाते. तिच्यामुळं हवा वाइनले लागतच नाही, म्हणून वाइन तांबडी पडत नाही. राखते ती तिले. वास असा येते, बदामाचा, कच्च्या सफरचंदाचा." तो दुखणं विसरून बोलत होता. "पण लई नाजूक. ऊन लागलं तं जाते. दारू कमी झाली तं सिरका होते, जास्त झाली तं साय मरते. अन् टाकी डचमळली की तुकडे होऊन बुडते. माणूस तिच्यात जिवासाठी तडफडला असता, तं सायीचा एक तुकडा वर राह्यला नसता."

मला टाकीतली ती अखंड कड आठवली, कोरडी जमीन आठवली. पण मी पोलीस आहे. "म्हणजे मेल्यावर टाकला. तूही टाकू शकतो. बोगद्याची किल्ली तुझ्याकडंच."

"भाऊजीकडंही होती. खिशात पाहा." तो किंचित हसला. "अन् मॅडम, मी कोणाले लपवाचं असतं तं माह्या सायीत लपवलं असतं काय? लेकरावानी पोसली तिले. रोज सकाळी थेंब थेंब काढून मुंग्यांपुढं ठेवतो."

"मुंग्यांपुढं?"

"मुंगी हाच माह्या मीटर. मुंगी लागली तं साखर उरली हाय, अजून थांबा. मुंगी फिरकलीच नाही, तं साय धरू द्या. आता बोगद्यातल्या एकाही टाकीले मुंगी लागत नाही. सारं खाऊन टाकलं तिनं. अन् औंदाचा मोह तं पावसाआधीच संपला, रस आंबवाच्या शेडमधल्या टाक्या धुऊन पालथ्या..."

वाक्य तिथेच राहिलं. त्याचे डोळे फिरले आणि तो टेबलावरच ओकला. एका कानातून पाण्यासारखं काहीतरी गळत होतं.

शेजारच्या सरकारी दवाखान्यातून डॉक्टर मधुवंती धावत आल्या. बॅटरी डोळ्यांत मारून पाहिली आणि माझ्याकडे वळल्या. "आत रक्तस्राव आहे. याला आत्ताच्या आत्ता बालाघाटला हलवा. उशीर केलात तर याचंही पोस्टमॉर्टेम मलाच करावं लागेल."

मी ॲम्ब्युलन्स बोलावली. ती ठाण्याच्या आवारात आलीही. पण फाटकाबाहेर महेंद्रनं रस्त्यावर सागाचे ओंडके आडवे टाकले होते आणि ओंडक्यांवर शे-दीडशे माणसं काठ्या घेऊन बसली होती.

३

"प्रेत इकडं राहीन अन् खुनी एसी गाडीत बसून जाईन?" महेंद्र फाटकापाशी येऊन ओरडत होता. "मॅडम, त्याले आमच्या हवाली करा. नाही तं ठाणं जाळतो."

माझ्याकडे माणसं सहा. बालाघाटहून कुमक निघाली होती, पण वाटेत नाल्यावरचा पूल अडवून ठेवला होता याच्याच लोकांनी. आत एक पोरगा मरत होता आणि बाहेरच्यांना वाटत होतं की न्याय होतोय. जमावापुढे दमदाटी चालत नाही, त्याला दुसरं नाव द्यावं लागतं. खऱ्या खुन्याचं. ते माझ्याकडे नव्हतं.

कुशलला सकाळीच बोगद्याजवळून उचलून आणला होता. तो मलाजखंडचा ठेकेदार, टाक्यांमध्ये घालायला शुद्ध स्पिरिट पुरवायचा. गालावर ताजा ओरखडा. कोपऱ्यात उभा राहून घाम पुसत होता.

"हा ओरखडा?"

"अपूर्वनं मारलं, मॅडम. काल दुपारी." तो हिंदी मिसळत बोलू लागला. "मैंने शेवटच्या टाकीत स्पिरिट थोडं जास्त टाकलं. कडक होईल तर अच्छाच ना! पण त्याची मलाई मरून खाली बसली. तो वेड्यासारखा अंगावर आला. गजेंद्रभाऊनंच सोडवलं."

"आणि तुझा राग गजेंद्रवर निघाला. त्या शेवटच्या टाकीत बुडवला, आणि मग सायीच्या टाकीत नेऊन टाकला. साय नसलेल्या टाकीत काय मोडणार!"

तो पांढराफटक पडला. माझा अंदाज मलाच बरा वाटला. पण दारातून मधुवंतीबाईंनी मान हलवली. त्या मधल्या वेळात प्रेत उघडून आल्या होत्या. "नाही. तुम्ही टाक्यांचे नमुने आणलेत ना, त्यातला त्या टाकीचा मी हुंगला, नाकाला झोंबतो. फुप्फुसांत जे होतं ते मवाळ होतं. म्हणजे महुआच, पण मवाळ."

मग मी फाटकावर गेले आणि महेंद्रला एकट्याला बाजूला घेतलं.

"काल संध्याकाळी कुठं होता?"

"घरी. कुठी राहीन?" डोळे लालबुंद. "मॅडम, माह्या बापाच्या जागी होता तो."

"आणि तुझी नाल्यापलीकडची भट्टी?"

"नवरात्रात बंद केली. देवीपुढं शपथ घेतली. तवापासून मोह शिवलो नाही." आणि एकाएकी त्याचा आवाज फाटला. "माह्या भाऊ मेला अन् तुम्ही मले भट्टी विचारता?"

त्याच्या उजव्या मुठीला रुमाल गुंडाळलेला होता. ती मूठ त्यानं वर उचलली आणि माझ्या जीपच्या काचेवर हाणली. काच फुटून आत सांडली. त्यानं दुसऱ्यांदा हाणली, तिसऱ्यांदा हाणली. रुमाल रक्तानं भिजला, बोटांमधून रक्त गळायला लागलं. जमावातून हुंकार उठला. भावासाठी रक्त सांडणारा भाऊ, आणखी काय पाहिजे लोकांना!

पहिला दगड माझ्या खांद्यावर बसला. दुसऱ्यानं ठाण्याची पाटी पाडली.

४

ज्योत्स्ना ठाण्यामागच्या खोलीत होती. भावाच्या डोक्यात हातोडा घातला म्हणून तिलाही आणलंच होतं. भिंतीला टेकून बसलेली, अंगावर महिला शिपायाची साडी आणि शाल. नेसूची साडी बदलून तिनं कोपऱ्यात ठेवलेली.

"जिवंत आहे तो?" तिनं विचारलं.

"आहे. किती वेळ, ते बाहेरच्यांना विचारा."

तिनं डोळे मिटले. "मीच त्याले शिकवलं मॅडम. आई लवकर गेली आमची. बी.एस्सी.ले नागपूरला पाठवलं. माह्याच शब्दावर यायनं त्याले बोगद्यात घेतलं. अन् त्यानंच माह्या घराले..." 

"काल गजेंद्र काही बोलले? मला सांगायचं होतं त्यांना. घरचं काहीतरी."

"महिनाभरापासून घुश्शात होते. रामपायलीकडचा एक माणूस दारू पिऊन आंधळा झाला अन् मेला, तवापासून. जेवत नव्हते. म्हणत, आपल्याच मोहानं मारलं त्याले. मले वाटलं अपूर्वच्या वाइननंच..."

"त्यांची वाइन अजून विकायलाच काढली नव्हती, ज्योत्स्नाताई."

ती माझ्याकडे बघत राहिली. तिच्या ध्यानात हे आलंच नव्हतं. आणि मग, काही करायचं म्हणून करावं तशी, ती कोपऱ्यातली साडी उचलायला गेली आणि झटकन मागे सरली.

"पाहा. मुंग्या." तिचा चेहरा वाकडा झाला. "त्यायचं तोंड पुसलं मी ह्या पदरानं. मुंग्याही सोडत नाहीत मेल्या माणसाले."

पदराला लाल मुंग्यांची रांग लागली होती. जिथे फेस सुकला होता नेमकी तिथेच. कोपऱ्यातल्या फटीतून त्या येतच होत्या.

मला अपूर्वचे शब्द आठवले. मुंगी हाच माह्या मीटर. बोगद्यातल्या एकाही टाकीले मुंगी लागत नाही.

मी ओरडत बाहेर धावले. "डॉक्टर! फुप्फुसांत महुआ होता म्हणालात. कोणता मोह?"

"कोणता म्हणजे? महुआ तो महुआ."

"नाही हो! गोड की कोरडा?"

त्या थबकल्या. "चिकट होतं. हातमोजे एकमेकांना चिकटत होते." आणि मग सावकाश म्हणाल्या, "आणि पंचनाम्यात नखं निळी लिहिलंय ना, ते चुकीचं आहे. नखं निळी नव्हती. नखांच्या आत निळं होतं. खरवडलेलं प्लॅस्टिक."

सागवानी टाकीवर निळं प्लॅस्टिक कुठून येणार? निळा असतो तो ड्रम. हातभट्टीवाले ज्यात मोह आणि गूळ सडवतात तो. त्या सडव्यात साखर असते, वर नवसागर असतो, आणि तो गोड असतो. शेडमधल्या टाक्या तर धुऊन पालथ्या पडल्या होत्या. म्हणजे या दिवसांत आसपास गोड मोह एकाच ठिकाणी असणार होता.

"पुनाराम," मी म्हणाले, "शेताच्या वाटेनं नाल्यावर जा. महेंद्रची बंद पडलेली भट्टी कितपत बंद आहे ते पाहा. निळे ड्रम असतील. एकेकाच्या बुडाशी काठी फिरव. काय लागेल ते तसंच राहू दे, अख्खा ड्रम घेऊन ये."

तो गेला आणि मागच्या खोलीला आग लागली. कोणीतरी पेटता बोळा खिडकीतून टाकला होता.

५

ज्योत्स्नाला आणि त्या साडीला आधी बाहेर काढलं, मग आग घोंगड्यांनी विझवली. माझ्या एका शिपायाचं कपाळ फुटलं, दुसऱ्याचा हात भाजला. अपूर्व स्ट्रेचरवर, ॲम्ब्युलन्समध्ये चढवलेला, श्वास घोरल्यासारखा. मधुवंतीबाई त्याचा हात धरून बसल्या होत्या आणि माझ्याकडे बघतही नव्हत्या. त्या न बघण्याचा मला फार राग आला, कारण त्यांचं बरोबर होतं.

पुनाराम मागच्या कुंपणातून आला. हातगाडीवर निळा ड्रम, तोंडाला पोतं बांधलेलं. त्यानं माझ्या कानाशी एकच वाक्य सांगितलं. मी ज्योत्स्नाचा दंड धरला आणि फाटक उघडायला लावलं.

"मॅडम, मारतील तुम्हाला," शिपाई म्हणाला.

"मारू दे. गाडी चालू ठेव."

आम्ही बाहेर आलो तसा गलका थांबला. ज्योत्स्नामुळे थांबला, माझ्यामुळे नव्हे. तिच्यापुढे मी स्टीलचे दोन पेले धरले.

"हा बोगद्यातला. ज्या टाकीत गजेंद्र सापडले तिचाच. जिभेला लावा."

तिनं लावला. तोंड कसनुसं झालं. "कोरडा आहे. कडू."

"हा दुसरा."

"गोड."

"ऐका रे सगळे!" मी ओरडले. "सायीच्या टाकीत गोडाचा कण उरत नाही. साय सगळं खाते, मुंगीलाही ठेवत नाही. आणि गजेंद्रच्या तोंडातून आला तो फेस ह्यांनी पदरानं पुसला. त्या पदराला मुंग्या लागल्यात. आत जाऊन बघा. गजेंद्र मोहात बुडून मेला, पण बोगद्यातल्या मोहात नाही. कोणाला तरी वाटलं, मोह तो मोह, कोण ओळखतंय! दुसरीकडे मारलं, आणि अपूर्वच्या टाकीत आणून टाकलं. त्याची धमकी तर सगळ्यांनी ऐकलीच होती."

"काय बकून राह्यली ही बाई!" महेंद्र पुढे झाला. "गोड न् कडू! पुरावा काय?"

"पुरावा तुझ्या भट्टीतला." मी पुनारामला खूण केली.

त्यानं ड्रम आडवा केला. पिवळट, फेसाळ सडवा भसकन रस्त्यावर पसरला, फुगलेली मोहफुलं लोकांच्या पायांत गेली. आंबूस गोड वास सुटला. आणि शेवटच्या लोंढ्याबरोबर चष्मा बाहेर आला. एका काडीला लाल दोरा गुंडाळलेला.

ज्योत्स्ना गुडघ्यांवर बसली. तिनं तो उचलून पदरानं पुसला, तसाच, जसं तोंड पुसलं होतं. "दोरा मी बांधला होता," ती म्हणाली. "काल सकाळी."

मी महेंद्रकडे वळले. "रुमाल सोड."

"काच लागली हाताले. साऱ्यायनं पाहिलं."

"रुमाल काच फोडायच्या आधीपासून होता. त्याच्याखाली काय होतं, ते लपवायला माझी काच फोडली तू. गजेंद्रच्या दातांवर रक्त होतं. कोणाचं होतं ते? तू त्याचं डोकं ड्रममध्ये दाबत होता, छाती काठावर घासत होती, नखांनी तो ड्रम खरवडत होता. त्यानं तुला चावा घेतला. काच कापते, महेंद्र. काचेला दात नसतात. सोड रुमाल."

त्यानं वहिनीकडे पाहिलं. तिनं त्याच्याकडे पाहिलं. एवढा वेळ भावाच्या बाजूनं ओरडणारा माणूस एका क्षणात वेगळाच झाला.

"तो पोलिसात देणार होता मले," तो म्हणाला. "सख्ख्या भावाले. एक बेवडा मेला म्हणून. मी पाय धरले त्याचे, वहिनी. नाही आयकलं त्यानं."

"अन् मंग?" ज्योत्स्नानं विचारलं.

त्यानं शेजारच्याच्या हातातली लोखंडी सळई ओढून घेतली आणि माझ्या डोक्यावर घातली. मी हात आडवा केला. हाड मोडल्याचं मला आधी ऐकू आलं, दुखलं नंतर. पुनारामनं त्याच्या गुडघ्यावर काठी हाणली आणि तो सडव्यात आडवा पडला.

मग तेच लोक, त्याच काठ्या. मघाशी अपूर्व पाहिजे होता, आता महेंद्र. कोणीतरी त्याच्या तोंडावर लाथ मारली, कोणीतरी दगड उचलला. मला त्यांचा असा संताप आला की सांगता सोय नाही. मी मोडक्या हातानिशी त्या हलकट माणसाच्या अंगावर आडवी पडले आणि खालूनच बोंबलले, "ओंडके काढा आधी! पोरगा मरून राह्यला आत! मारायचं तेवढं समजतं काय रे तुम्हाला?"

पाठीत दोन काठ्या बसल्या. तिसरी बसली नाही. ज्योत्स्ना मध्ये उभी होती, हातात तो चष्मा धरून. ती ओरडली नाही की रडली नाही. जाऊन पहिल्या ओंडक्याला तिनं एकटीनं हात घातला. मग एक म्हातारा उठला, मग दोन पोरं. एकानं पूल मोकळा करायला फोन लावला.

ॲम्ब्युलन्स माझ्या डोक्याजवळून गेली. सायरनच्या आवाजात मी आणि महेंद्र चिकट गोड सडव्यात पडून होतो. माझ्या मानेवर मुंग्या चढायला लागल्या होत्या.

६

अपूर्व वाचला. नागपूरला कवटी उघडावी लागली. माझ्या मोडक्या हातात सळ्या घातल्या. महेंद्रच्या हातावर दातांच्या खुणा काचेच्या जखमांखालूनही निघाल्या. बोगद्याची किल्ली त्यानं भावाच्या खिशातून काढून परत तिथेच ठेवली होती. प्रेत न्यायला त्याचीच पिकअप होती. कोर्टात त्याचं काय व्हायचं ते होईल.

डोक्यावर केस उगवू लागले तसा अपूर्व बोगद्यात परत आला. ज्या टाकीत भाऊजी सापडले ती कोर्टाच्या हुकमानं रिकामी करून नेली होती. तिची फक्त गोल खूण जमिनीवर होती. मी साक्षीच्या कागदांवर त्याची सही घ्यायला गेले होते, तर ज्योत्स्नाही तिथेच. त्या दिवसानंतर भाऊबहीण पहिल्यांदाच एकत्र उभे होते.

त्यानं शेजारच्या टाकीचं झाकण सरकवलं. आत साय धरलेली होती, पांढरी, एकसंध. त्यानं सवयीनं नाक जवळ नेलं, खोल श्वास घेतला आणि तसाच थांबला.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही येत मॅडम." तो शांतपणे म्हणाला. "त्या दिवसापासून. अद्रक नाही, डेटॉल नाही. डॉक्टर म्हणाले, मागून मार बसला की नाकाच्या नसा तुटतात. परत नाही येत बहुतेक."

मला ठाण्यातला तो चहा आठवला. ज्योत्स्ना भिंतीवरच्या रिकाम्या खिळ्याकडे बघत होती. तो हातोडा तिथे टांगलेला असायचा.

वास न येणारा माणूस ही वाइन राखणार कशी? साय जगलीय की मेली, हे आधी नाकाला कळतं, डोळ्यांना मागाहून. हे त्यानंच मला सांगितलं होतं. मी उगाच कागद चाळत राहिले. मला तिथून निघून जावंसं वाटत होतं.

अपूर्वनं काचेच्या नळीनं साय बाजूला न सारता अलगद थोडी वाइन काढली, छोट्या पेल्यात सोडली. पेला त्यानं बहिणीपुढे धरला.

"ताई, तू सांग. बदामाचा वास येते काय?"

तिनं पेला घेतला. तिनं नाकाशी नेला, आणि इतक्या दिवसांत, प्रेताजवळ नाही की फाटकावर नाही, ती पहिल्यांदाच रडली. हमसून, लहान पोरीसारखी.

"येते," ती म्हणाली. "हौ, येते."

"खोटं नको बोलू." त्यानं खिशातला रुमाल काढून तिच्या हातात दिला. "रडून राह्यली तं वास कसा येईन? नाक पूस आधी. मंग सांग."